अर्ली अ‍ॅडमिशनच्या निकालापर्यंतचे सहा आठवडे घरात कसे काढताय?

ओसरी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:४०

लेक यंदा सीनियर, म्हणजे इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. १ नोव्हेंबरला अर्ली डिसिजनचा अर्ज गेला, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. अर्ज कसा भरायचा, निबंधात काय लिहायचं यावर इथे धागे आहेत. पण अर्ज गेल्यावर मधले सहा आठवडे घराने कसे काढायचे यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी, यात एकाच कॉलेजला शब्द द्यायचा असतो की तुम्ही घेतलंत तर मी येणारच. त्या करारावर मूल, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये हे बंधन नाही. निकाल लवकर कळतो आणि उत्तर द्यायला १ मेपर्यंत मुदत असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे शब्द द्यावा लागत नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली अर्ज टाकता येत नाही.

मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. खरी कसोटी लागते ती निकालानंतरच्या पंधरा दिवसांत. अर्लीचे निकाल १५ डिसेंबरच्या आसपास लागतात आणि रेग्युलरच्या, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या, बहुतेक मुदती १ ते ५ जानेवारीत संपतात. नकार आला तर हातात जेमतेम दोन आठवडे, त्यात नाताळची सुट्टी, शाळा बंद. ज्या मुलीला काल ‘नाही’ म्हटलंय, तिने आज बसून आणखी सात-आठ कॉलेजांना ‘मला तुमच्याकडेच का यायचंय’ हे मनापासून लिहायचं! सतरा वर्षांच्या पोरीकडून ही अपेक्षा करणं मला क्रूर वाटतं. म्हणून आमच्याकडे ठरलंय की उरलेले सगळे अर्ज १० डिसेंबरच्या आत तयार ठेवायचे. फक्त बटण दाबायचं बाकी राहील इथवर आणायचे आणि थांबायचं.

फ्रिजवर एक कागद लावलाय. डावीकडे कॉलेजांची नावं, पुढे निबंध, शिफारशी, मार्कांचा उतारा, पैशांचे फॉर्म असे रकाने. काम झालं की ती स्वतः हिरव्या पेनाने टिक करते. मी त्या कागदाला हात लावत नाही. कॉलेजचा विषय फक्त रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, तोही अर्धा तास. एरवी तिने काढला तर बोलायचं, आपण होऊन काढायचा नाही.

तुमच्याकडे काय चालतं?

एडिसनकर | २१ नोव्हेंबर, रात्री ११:१५

बरं झालं धागा काढलात, आम्हीही समदुःखी.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत चार जणांनी आमच्या मुलाला विचारलं, ‘काय रे, कुठे कुठे टाकलंयस?’ विचारणारे सगळे त्याला रांगत असल्यापासून बघणारे, कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरगं प्लेट तशीच ठेवून पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलं ते कार्यक्रम संपेपर्यंत. आता थँक्सगिव्हिंगला तीन कुटुंबं आमच्याकडे जेवायला आहेत. त्यात अजून दोघं सीनियर, आणि एकाने तर याच्याच कॉलेजला अर्ज केलाय.

दुसरं म्हणजे आजी. दर रविवारी नाशिकहून आईचा फोन येतो, ‘लागला का नंबर?’ तिने रविवार कारंज्याच्या चांदीच्या गणपतीला नवस बोललाय. नातवाला ते कळलं आणि आता त्याच्या डोक्यात बसलंय की आपलं नाही झालं तर आजीचा नवस फुकट जाईल.

ओसरी | २१ नोव्हेंबर, रात्री ११:३२

थँक्सगिव्हिंगचं सोपं आहे, आधीच तिन्ही घरांना मेसेज करून टाका: ‘जेवताना कॉलेजचा विषय नको, तिन्ही मुलांसाठी.’ सगळे सुटकेचा श्वास सोडतील. प्रत्येक घर दुसऱ्याच्या भीतीने विचारत असतं.

आजींना तारीख सांगून टाका. ‘नाताळाच्या आधी कळेल, आणि कळलं की तो स्वतः फोन करेल.’ तारीख हातात नसते म्हणून त्या दर रविवारी विचारतात. नवसाबद्दल मात्र आजींनीच त्याच्याशी बोललेलं बरं. ‘नवस तुझ्या तब्येतीसाठी आणि सुखासाठी आहे, कॉलेज कुठलंही असो’ एवढं त्यांच्या तोंडून आलं की त्याच्या मनावरचं ओझं उतरेल.

मास्तरीण_टेक्सास | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी इथल्या एका हायस्कूलच्या काउन्सेलिंग ऑफिसात काम करते. ओसरी, तुमचा बेत शंभर टक्के बरोबर आहे, त्यात शाळेच्या बाजूने थोडी भर घालते.

मार्कांचे उतारे आणि शिफारशी पाठवण्याची विनंती सुट्टी लागायच्या आत शाळेकडे गेली पाहिजे. अनेक शाळा त्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीचीच तारीख देतात. दरवर्षी २० डिसेंबरनंतर पालकांच्या घाबऱ्याघुबऱ्या ईमेल येतात आणि ऑफिसात त्या वाचायला कुणी नसतं. मुलांनी अर्ज तयार ठेवला आणि शाळेची कागदपत्रं राहिली तर तो अर्धाच तयार आहे असं समजा.

कॉलेजच्या पोर्टलवर, म्हणजे अर्जाचं काय झालं ते दाखवणाऱ्या पानावर, ‘कागद मिळालेला नाही’ असं दिसलं तर लगेच घाबरू नका. अर्जांचा लोंढा आला की नोंद व्हायला वेळ लागतो. आठवडाभराने तेच दिसलं तर मुलाने काउन्सेलरला सांगावं. पालकांनी कॉलेजला फोन करू नये, कळकळीची विनंती आहे.

सध्या चालू असलेल्या सेमिस्टरचे मार्क महत्त्वाचे आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत शाळा मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे अर्ध्या वर्षाचे मार्क, पाठवते, आणि ज्यांना प्रवेश मिळालाय त्यांचाही प्रवेश वर्ष नीट पूर्ण करण्याच्या अटीवर असतो. वाट बघताना मन लागत नाही हे खरं, पण डिसेंबरच्या परीक्षांची तयारी हेच या दिवसांतलं त्यांच्या हातातलं काम आहे.

मुलं एकमेकांत पोर्टलचा रंग बदलला का, कोपऱ्यात नवीन खूण आली का यावरून निकालाचे अंदाज बांधत बसतात. रेडिटवर त्याचे लांबच लांब धागे असतात. त्यातून काहीही कळत नाही, झोप मात्र जाते. आणि झोप, खाणं, मित्रमंडळी सगळंच सुटतंय असं दिसलं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असलं काही कानावर आलं, तर निकालाची वाट न बघता बोला. अमेरिकेत ९८८ या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, पालकांनाही. भारतात टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आपल्या पिढीच्या आई-बापांना हे इतकं जड का जातं याचा मी बराच विचार केलाय. आपण यादीवर वाढलो. बारावीचे मार्क, ग्रुपची टक्केवारी, मग गुणवत्ता यादी, मग कट-ऑफ. यादी लागली की बोट खाली सरकवत आपला नंबर शोधायचा. गेल्या वर्षी सीओईपीला मेकॅनिकल कितीला बंद झालं हे सगळ्यांना पाठ असायचं, त्यामुळे अंदाज आधीच आलेला असायचा. निराशा व्हायची, पण ती का झाली ते कळायचं.

इथे दोन मुलांचे मार्क सारखे, एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण सारखे, एक आत आणि एक बाहेर, आणि कारण कोणी सांगत नाही. मग आपण आकडे शोधत सुटतो. शाळेच्या नेव्हियन्सवरचे (आधीच्या मुलांचे मार्क आणि निकाल आलेखात दाखवणाऱ्या साइटवरचे) ते ठिपके, आपल्या मुलाचा ठिपका कुठे बसतो, मागच्या वर्षी त्याच्या शेजारच्याचं काय झालं... त्या ठिपक्यांत बरंच काही दिसत नाही. अर्लीची टक्केवारी रेग्युलरपेक्षा जास्त दिसते, कारण त्यात खेळाडू म्हणून आधीच निवडलेली मुलं असतात, अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ती वजा केली की बाकीच्यांसाठी उरणारा फायदा दिसतो त्याहून कमी असतो.

एक आकडा मात्र मी आवर्जून सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डने अर्लीच्या ७,९२१ अर्जांतून ६९२ जणांना घेतलं, आणि उरलेल्यांतल्या बहुसंख्यांना नकार न देता रेग्युलरच्या फेरीत ढकललं, म्हणजे डिफर केलं. स्टॅनफर्डची रीत उलटी आहे. ते फार थोड्यांना डिफर करतात, बाकीच्यांना तेव्हाच अंतिम उत्तर देऊन मोकळे होतात. त्यामुळे डिफर होण्याचं वजन कॉलेजागणिक वेगळं असतं. आपल्या कॉलेजची रीत आधीच माहीत करून घ्या, म्हणजे त्या संध्याकाळी भलता अर्थ काढला जाणार नाही.

आणखी एक. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये अर्लीची पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं, सुस्थितीतल्या घरांना तिचा जास्त फायदा होतो म्हणून. २०११ मध्ये दोघांनी ती परत आणली. माझ्या मुलीला मी हे मुद्दाम सांगितलं. ज्या पद्धतीबद्दल खुद्द त्या विद्यापीठांचं मत पाच वर्षांत फिरलं, तिच्या निकालावरून स्वतःची लायकी ठरवायची नसते.

सडेतोड | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

सगळं ठीक, पण पैशांबद्दल कोणीच बोलत नाहीये. बऱ्याच नामांकित खासगी कॉलेजांचा एकूण खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात गेलाय. ईडीत शब्द दिल्यावर दुसऱ्या कॉलेजची ऑफर समोर ठेवून घासाघीस करता येत नाही. आपल्यासारख्या दोन पगारांच्या घरांना कॉलेजकडून आर्थिक मदत मिळण्याची शक्यता बेताचीच. डिसेंबरात मुलगा आनंदाने उड्या मारत खाली येणार आणि बाप म्हणणार ‘परवडत नाही रे’, यापेक्षा नकार परवडला. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना खर्चाची तुलना करायची आहे त्यांनी ईडीच्या वाटेला जाऊ नये. पर्ड्यू, इलिनॉय, जॉर्जिया टेक यांची अर्ली अ‍ॅक्शन आहे, तिकडे शब्द द्यावा लागत नाही.

ओसरी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सडेतोड, मुद्दा मान्य. आम्ही सप्टेंबरातच नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) भरून बघितला आणि आलेला आकडा तिच्यासमोर ठेवूनच सही केली. २०११ पासून केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनेतल्या प्रत्येक कॉलेजला तो वेबसाइटवर ठेवावाच लागतो, भरायला अर्धा तासही लागत नाही. घराची किंमत, धाकट्याचं शिक्षण, नवऱ्याच्या नोकरीची अनिश्चितता, सगळं तिला माहीत आहे. मदत अगदीच अपुरी मिळाली तर करारातून सुटता येतं हे खरं, पण त्या भरवशावर सही करू नये.

एडिसनकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

आमचं हे बोलणं अर्धवट झालंय. ‘आधी मिळू दे, मग बघू’ असं म्हणून ठेवलंय. आता काय?

सडेतोड | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आता म्हणजे या शनिवारी. मिळाल्यावर नाही.

मास्तरीण_टेक्सास | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

एडिसनकर, कॅल्क्युलेटर आजच भरा. आकडा अजिबातच झेपणारा नसेल तर अजून एक दार उघडं आहे. निकाल लागायच्या आत कळवलं तर बरीच कॉलेजं ईडीचा अर्ज रेग्युलरमध्ये बदलून देतात. मुलाने लेखी विचारायचं आणि काउन्सेलरला सांगायचं. निकाल लागल्यावर हा रस्ता बंद.

एडिसनकर | २९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

शनिवारी बसलो. कॅल्क्युलेटरचा आकडा मोठा आहे पण झेपेल, घराचं कर्ज दोन वर्षं उशिरा फिटेल एवढंच. मुलगा गप्प बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘हे आधी सांगितलं असतंत तर मला रोज रात्री गणित करावं लागलं नसतं.’ त्याच्या मनात निकालाइतकीच ही भीती होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. सडेतोड, तुमच्या त्या एका ओळीमुळे हे बोलणं झालं. आभार.

थँक्सगिव्हिंगचा मेसेजही पाठवला होता. तिघं पोरं जेवण झाल्यावर तळघरात पत्ते कुटत बसली, रात्री दीडपर्यंत हसण्याचे आवाज येत होते.

पुणेरी_बाबा | ३० नोव्हेंबर

आम्ही पुण्यातून. मुलगी इथेच बारावीला आहे आणि अमेरिकेत काही ठिकाणी अर्ली अ‍ॅक्शनने अर्ज केलेत. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे ७ म्हणजे आमचे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच, तेव्हा निकाल लागणार.

आमची अडचण थोडी निराळी आहे. तिच्या क्लासमधली बाकी सगळी मुलं जानेवारीतल्या जेईई मेनच्या मागे आहेत, मग फेब्रुवारीत बोर्ड, त्यानंतर सीईटी. तिला दोन्ही डगरींवर पाय ठेवावा लागतोय आणि मैत्रिणींशी बोलायची सोय नाही, कारण त्यांना यातलं काही माहीत नाही. मध्यंतरी ती इथल्या अभ्यासाला ‘तिकडे हरले तरची सोय’ म्हणायला लागली. तेव्हा मात्र तिला समोर बसवलं. महाराष्ट्रातली लाखभर मुलं ज्या परीक्षेसाठी जीव ओततात ती कुणाची उरलीसुरली सोय नसते. इथे शिकूनही उत्तम इंजिनियर होता येतं, आणि ती इथे शिकली तर आम्हाला कमीपणा वाटणार नाही. हे तिला आमच्या तोंडून ऐकायची गरज होती असं दिसलं.

भारतातल्या पालकांसाठी एक माहिती. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर बहुतेक अमेरिकी कॉलेजांत निवडीवर त्याचा परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलांच्याही बाबतीत गरज न बघता निवड करतात. आम्ही मदत मागितली आहे, त्यामुळे नकार आला तर तो तिच्या गुणांचाच असेल असं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

प्रश्न एवढाच: पहाटे साडेपाचला तिला उठवायचं की झोपू द्यायचं? त्या दिवशी साडेसातला तिचा क्लास असतो.

अबोली_०३ | २ डिसेंबर

मी आता कॉलेजात ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. आई इथली जुनी वाचक, तिने धाग्याची लिंक पाठवली आणि म्हणाली, तू लिही.

पुणेरी बाबा, तिलाच विचारा. उठवायचं की नाही हे तिने आदल्या रात्री ठरवू दे. मला असं कोणी विचारलं की बरं वाटायचं, कारण त्या महिन्यात माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

मला डिसेंबरात नकार आला होता. पोर्टल मी शाळेत बँड रूमच्या मागच्या जिन्यात उघडलं, एकटीने, फोनवर. पहिली ओळ ‘अर्ज केल्याबद्दल आभार’ अशी होती, म्हणजे पुढचं वाचायची गरज नव्हती. घरी उघडलं नाही कारण आई-बाबांचे चेहरे बघायचे नव्हते. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं असतं तर मला माझं बाजूला ठेवून त्यांना समजवावं लागलं असतं, आणि तेवढी ताकद नव्हती.

घरी आल्यावर आईने वरण-भात वाढला, वर तूप आणि लिंबू. काही विचारलं नाही. बाबा म्हणाले, ‘उद्या शाळा नको असेल तर नको जाऊस.’ मी गेले, पण नाही गेले तरी चालेल हे माहीत असण्याने फरक पडला.

जे बोललेलं नको होतं तेही सांगते. ‘आम्हाला काही फरक पडत नाही’ असं बाबा दोनदा म्हणाले आणि त्यांचा आवाज वेगळा लागला होता. आम्हालाही वाईट वाटलंय, असं सरळ म्हणाले असते तर जवळचं वाटलं असतं. एका मावशीने त्याच रात्री फोन करून ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं ऐकवलं. ते खरं असेल, पण त्या रात्री नको. आणि कृपा करून दुसऱ्या कुणाचं काय झालं हे मुलाकडून काढून घेऊ नका. आमच्या शाळेच्या सीनियरांचं इन्स्टाग्रामवर एक पान होतं, कोण कुठे लागलं ते तिथे रोज यायचं. मी ते आठवडाभर म्यूट केलं होतं, तेवढा आठवडा पुरला.

आता जिथे आहे तिथे मी खूश आहे. पण त्यामुळे त्या रात्रीचं काही कमी होत नाही, म्हणून दोन्ही जोडत नाही.

कृष्णाकाठ | २ डिसेंबर

अबोली, तुझी पोस्ट दोनदा वाचली आणि बायकोलाही वाचून दाखवली. चेहऱ्यांबद्दल जे लिहिलंयस ते आम्हाला कधी सुचलं नसतं.

ओसरी | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

कॉलेजने तारीख जाहीर केली, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी ७. अबोलीची पोस्ट वाचून आम्ही तिला विचारलं, कुठे आणि कुणाबरोबर उघडायचंय? ती म्हणाली, स्वतःच्या खोलीत, दार लावून, धाकट्या भावाला बरोबर घेऊन. आम्ही दोघं खाली. मला क्षणभर लागलं, पण त्याचं कारण तिने लगेच सांगितलं. त्याला कॉलेजचं नाव नीट घेता येत नाही, त्यामुळे काहीही आलं तरी त्याचा चेहरा बदलणार नाही.

बाकीचे सगळे अर्ज तयार झालेत. काल तिने शेवटचा निबंध संपवला आणि सरळ झोपायला गेली, नऊ वाजता.

एडिसनकर | ९ डिसेंबर, रात्री १०:३०

आमच्याकडे अजून चार बाकी आहेत. उद्यापासून रात्री जेवणानंतर एक तास मी पण त्याच्या टेबलावर माझं ऑफिसचं काम घेऊन बसतो. त्याचा निबंध वाचत नाही, फक्त बसतो. एकटा असला की तो पोर्टल उघडून बघत राहतो.

ओसरी | १८ डिसेंबर

लेकीला प्रवेश मिळाला. लगेच लिहिलं नाही, कारण इथे बऱ्याच घरांत त्याच आठवड्यात निकाल लागत होते.

नियमाप्रमाणे बाकीचे अर्ज मागे घ्यायचे असतात. दोन ठिकाणी आधी पाठवलेले होते ते तिने दुसऱ्याच दिवशी मागे घेतले, कारण तिथे तिच्या वर्गातली मुलंही आहेत. हे टाळू नका. काही मुलं कुठे कुठे लागतोय ते बघायला अर्ज तसेच ठेवतात, ते शब्दाला धरून नाही आणि शाळेचं नावही खराब होतं. तयार ठेवलेले बाकीचे अर्ज न पाठवता पुसले. त्यात गेलेल्या तासांचं मला जराही वाईट वाटत नाही. ते झालेले होते म्हणून शेवटच्या आठवड्यात ती शांत होती.

पुणेरी_बाबा | १८ डिसेंबर

ओसरीताई, मनापासून अभिनंदन! आमच्याकडे एकीकडून होकार आलाय, मदत शून्य, म्हणजे जाता येणार नाही. उरलेले निकाल जानेवारीत. ती म्हणाली, ‘घेतलं तर खरं त्यांनी,’ आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसली. उठवायचं तिनेच सांगितलं होतं, पाच पंचवीसचा गजर स्वतः लावला होता.

एडिसनकर | १९ डिसेंबर, रात्री ११:४०

ओसरी, अभिनंदन. आमचा डिफर झाला. मित्रांबरोबर शाळेत उघडायचं म्हणत होता, आयत्या वेळी घरी आला आणि माझ्या शेजारीच उघडलं. ‘नाही पण नाही आणि हो पण नाही’ एवढंच बोलला. आजीला त्यानेच फोन केला. ती म्हणाली, नवस तुझ्या नावाचा आहे, कॉलेजच्या नावाचा नाही. तुम्ही सुचवलेलं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, तिचं तिनेच म्हटलं.

बाकीचे चारही अर्ज पूर्ण झालेत, त्यामुळे धावपळ नाही. आता दोन प्रश्न आहेत. डिफर झाल्यावर कॉलेजला पत्र लिहितात ते कधी आणि कसं? आणि दुसरीकडे ईडी टू, म्हणजे अर्ली डिसिजनची दुसरी फेरी, करावं का? बायको म्हणते करू या, मुलाचं मन अजून पहिल्यातच आहे.

सडेतोड | २० डिसेंबर

ईडी टू म्हणजे पुन्हा शब्द देणं आणि पुन्हा तुलनेचा हक्क सोडणं. फक्त भीतीपोटी करू नका.

कृष्णाकाठ | २० डिसेंबर

डिफर झाल्यावर पहिल्या कॉलेजच्या शब्दातून तो मोकळा झाला, त्यामुळे ईडी टू करायला नियमाची आडकाठी नाही. मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर. पण तिकडून होकार आला तर पहिल्याचं उत्तर यायच्या आतच त्यावर पाणी सोडावं लागेल. म्हणून त्याला एकच विचारा: मार्चच्या शेवटी दोन्हीकडून होकार आला असता तर कुठे गेला असतास? उत्तर ‘पहिलं’ असेल तर ईडी टू नको.

एडिसनकर | २८ डिसेंबर

विचारलं. क्षणाचाही विचार न करता ‘पहिलं’ म्हणाला. ईडी टू करत नाही आहोत. चारही अर्ज काल गेले.

मास्तरीण_टेक्सास | २९ डिसेंबर, सकाळी ८:१०

छान. आता पत्राबद्दल.

आधी डिफरच्या पत्रात आणि पोर्टलवर काय लिहिलंय ते नीट वाचा. काही कॉलेजं त्यासाठी वेगळा फॉर्म देतात, काही स्पष्ट सांगतात की नवीन काही पाठवू नका. पाठवू नका म्हटलं असेल तर खरोखर पाठवायचं नाही. बाकी ठिकाणी जानेवारीत, पहिल्या सेमिस्टरचे मार्क हातात आल्यावर पाठवलेलं चांगलं.

पत्र मुलानेच लिहायचं, एका पानाच्या आत. प्रवेश मिळाला तर नक्की येईन हे खरं असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगायचं. मग १ नोव्हेंबरनंतर जे नवीन घडलं तेवढंच: मार्क, एखादा प्रोजेक्ट, एखादी जबाबदारी. अर्जात आलेलं परत नको, आणि डिफर झाल्याचं दुःखही नको. ओळखीच्या बड्या लोकांची जादा शिफारसपत्रं जोडू नका, त्यांचा उपयोग होत नाही. एखाद्या शिक्षकाकडे खरंच नवीन सांगण्यासारखं असेल आणि कॉलेज घेत असेल तर एक चालेल.

मिड-इयर रिपोर्ट पहिल्या कॉलेजलाही जाणार आहे ना हे काउन्सेलरला विचारून घ्या, नवीन चार अर्जांच्या गडबडीत नेमकं तेच राहतं. शाळा उघडली की पहिल्याच दिवशी त्याने जाऊन भेटावं, ईमेलवर सोडू नये. पत्राचा मसुदा झाला आणि त्याची हरकत नसेल तर मला विपू (विचारपूस) करा, मी बघून देते.